कलकत्त्याहून आलेला रोगी

मी आयुष्यात एकदा कलकत्त्याचं फुलझाड प्यालो आहे. प्यालो म्हणजे पितळेच्या पेल्यातून, सुंठ-गूळ घालून, नाक दाबून, शेवटच्या थेंबापर्यंत. ज्यांचं ते झाड होतं त्या विष्णुपंतांना ही गोष्ट पुढे सहा वर्षं ठाऊक नव्हती. त्या सहा वर्षांत त्यांनी जव्हारच्या निरपराध उंदरांशी जे वैर धरलं, त्याचा निम्मा दोष माझ्याकडे जातो. उरलेला निम्मा कोणाकडे, ते ओघाने येईलच.

विष्णुपंत जव्हार संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी दरबारच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून लागलो तेव्हा मला त्यांच्या शेजारची खोली मिळाली. आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये कुडाची भिंत होती, आणि ती इतकी प्रामाणिक होती की त्यांच्याकडे कोणी उसासा टाकला तरी माझ्याकडे पोचायचा. उंच, किडकिडीत माणूस. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. अंगाला कार्बोलिक आणि पेपरमिंट यांचा मिळून एक वास, जो ते येण्याच्या आधी यायचा आणि ते गेल्यावर बराच वेळ थांबायचा. बोलण्यापूर्वी ते मान दोनदा हलवायचे. आयुष्यभर बाटल्या हलवून द्यायची सवय, तर स्वतःचा विचारही हलवल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत.

औषधाच्या बाटलीवर मात्रा दाखवणारी कागदाची पट्टी असते ना, बाजूंनी कातरलेली, तशी पट्टी त्यांनी घरातल्या तांब्यालाही चिकटवली होती. पाणी प्यायचे ते एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत. आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "चार तासांनी पुन्हा बघू." रोग्याला हे सांगायचे ते ठीकच, पण मी एकदा विचारलं, "पंत, पाऊस येईल का हो?" तर आभाळाकडे बघून तेच. त्यांच्या पत्नी यमुनावहिनींनी आमटीची चव विचारली तरी तेच.

डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे. विष्णुपंत बदलायचे नाहीत. त्यामुळे खोडाळ्याहून पहाटे निघालेली माणसं दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर टेकली की खुद्द डॉक्टरसाहेबांना विचारायची, "तो हलवून देनारा कुठं हाय?" डॉक्टरसाहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. मी मुद्दाम बघायला जायचो.

वहिनी पुण्याच्या. लग्न होऊन जव्हारला आल्याला बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तक्रार करणाऱ्या त्या नव्हत्याच, पण स्वयंपाक करताना त्यांच्या तोंडून "आमच्या पुण्याला" असं सुरू झालं की कुडापलीकडे मी पुस्तक मिटून ठेवायचो. देवळं, बहिणी, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. मग थोडा वेळ नुसता पोळपाटाचा आवाज.

वहिनींचे थोरले बंधू अप्पाराव पुण्यात गुलाबांचे शौकीन म्हणून प्रसिद्ध होते. एका वैशाखात ते बहिणीला भेटायला आले ते गुलकंदाची बरणी आणि एक नोकरी घेऊन. गुलकंद बहिणीसाठी, नोकरी मेहुण्यासाठी. पुण्यातल्या एका मोठ्या औषधांच्या दुकानात चौथ्या कंपाउंडरची जागा. रात्रीचं पान खाताना त्यांनी विषय काढला. मी पान खायला होतोच.

"पंत, बारा वर्षं झाली. यमूला या रानात ठेवण्यासारखं इथे आहे तरी काय? एक गोष्ट दाखवा. एकच."

विष्णुपंतांना सांगता आलं असतं की खोडाळ्याची माणसं नऊ कोस चालत येऊन मला विचारतात, पुण्यात मी चौथा असेन. पण स्वतःबद्दल बरं बोलायचं म्हटलं की त्या माणसाचा घसा बसायचा. त्यांनी मान दोनदा हलवली आणि म्हणाले, "फूल."

"कसलं फूल?"

"तुमच्या बागेत यायचं नाही असं."

"कधी दाखवता?"

मी मनात म्हटलं, आता चार तास. पण ते म्हणाले, "पुढच्या ज्येष्ठात या."

"आणि नाही आलं तर?"

"तर आषाढ लागायच्या आत पुण्याला बिऱ्हाड हलवतो."

वहिनींनी सुपारी कातरायची थांबवली, मग पुन्हा सुरू केली. एवढंच.

फूल त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. औषधांच्या पेटीत बाटल्यांभोवती गुंडाळून कधीतरी कलकत्त्याच्या एका नर्सरीच्या यादीचं पान आलं होतं. त्यावर रंगीत चित्र: हातभर लांब, गच्च भरलेला, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेला फुलांचा लोंगर. ऑर्किड. खाली लॅटिन नाव. लॅटिन नावावर विष्णुपंतांची फार श्रद्धा होती. जे बाटलीवर लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं ते गुण देतं, असा त्यांचा अनुभव. ते पान त्यांनी कित्येक वर्षं कोटाच्या आतल्या खिशात जपलं होतं. आता कलकत्त्याला पत्र गेलं.

दिवाळीनंतर पेटी आली. आगगाडीने डहाणूपर्यंत आणि तिथून बैलगाडीने वर. विष्णुपंतांनी ती दवाखान्याचा कोट न काढता उघडली. आत शेवाळ, शेवाळात तीन वस्तू. प्रत्येकीला चामड्यासारखी चारपाच पानं आणि वाळलेल्या आतड्यासारखी मुळं. विष्णुपंतांनी मान खाली घातली. मी टोपी काढावी की काय या विचारात पडलो.

"ही तर काढ्याची मुळं दिसतात," वहिनी म्हणाल्या.

"जिवंत आहेत," विष्णुपंत म्हणाले. "प्रवासाने थकली आहेत. चार तासांनी पुन्हा बघू."

त्यांनी तिघांना चिठ्ठ्या लावल्या: रोगी नंबर एक, दोन, तीन. औषध कधी सगळं एकदम सुरू करत नाहीत, म्हणून दोन आणि तीन नंबर शेवाळासकट पेटीतच, माळ्यावर. एक नंबरला कुंडी. कुंडीत तांबडी माती, शेणखत, वर निंबोळीची पेंड. "मातीवाचून झाड म्हणजे अंथरुणावाचून रोगी," ते मला समजावत होते. भिंतीवर तक्ता लागला. पाणी, ऊन, स्थिती. पट्टी लावलेल्या तांब्याने दिवसातून तीनदा पाणी, एकेक मात्रा, जेवणानंतर. रोग्याच्या नव्हे, पंतांच्या.

पंधरा दिवसांत एक नंबर काळा पडून वास मारू लागला. विष्णुपंतांनी चुन्याची निवळी दिली. मग मात्रा वाढवली. मग, हिवतापाच्या मुलखातून आलेला आहे म्हणून, क्विनाइन. तक्त्यावर चार दिवस "अशक्त" होतं, पाचव्या दिवशी "गेला" आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि पट्टी लावलेला तांब्या पालथा घालून ठेवला.

याच सुमारास मला खोकला झाला. कुडाची भिंत प्रामाणिक असल्याचं मी सांगितलंच आहे. माझा खोकला दोन दिवस ऐकून वहिनींना दया आली. माळ्यावर त्या पेटीशेजारीच काढ्याच्या मुळांची पेटी होती, अंधारात चाचपडताना त्यांचा हात चुकीच्या पेटीत गेला, आणि हाताला शेवाळाखालच्या दोन जुड्या लागल्या. त्यांनी एक काढली, ठेचली, सुंठ घालून निम्मं आटवलं. मी प्यालो. चव कशी होती विचाराल तर ओल्या दोरखंडासारखी.

संध्याकाळी विष्णुपंतांनी रोग्यांची विचारपूस करायला पेटी उघडली. "उंदीर," ते हताश आवाजात म्हणाले. "मुळासकट नेला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटलं ज्येष्ठमध."

"वहिनी, खोकला थांबलाय."

"तेवढं तरी झालं. सांगू नका हो कुणाला."

तक्त्यावर दोन नंबरपुढे "बेपत्ता, उंदीर" असं लिहिलं गेलं आणि घरात चार पिंजरे आले. त्यांत एकदा माझा जोडा सापडला.

आता उरला तीन नंबर. पुन्हा कुंडी, पुन्हा माती, फक्त मात्रा निम्मी. चूक तीच, लहान भांड्यात. पानं पिवळी पडू लागली. विष्णुपंत दवाखान्यातून मधल्या वेळी धावत येऊन बघायचे आणि परत जायचे. त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा लाल औषधाच्या जागी पिवळं औषध गेलं. ते त्यांनी स्वतःच रस्त्यात गाठून परत आणलं, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

अशात एका सकाळी बुधीबाय मोळी घेऊन आली. जामसरची म्हातारी, दर आठवड्याला वहिनींकडे जळण टाकायची. मोळी उतरवून तिने कुंडीत डोकावलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"दादा, याला मातीत कशाला पुरला? हा काय भात हाय?"

"बुधीबाय, हे कलकत्त्याचं झाड आहे."

"आसंल. आमचे रानात झाडावर बसतो हा. आंब्यावर, ऐनावर. मुळी वाऱ्यात सोडतो. शीतेची येणी म्हनतो आमी. किती पायजे तुला? पाटी भरून आनते."

"तुमच्या रानातलं बांडगूळ ते. हे निराळं." आणि खिशातलं पान काढून त्यांनी तिला लॅटिन नाव वाचून दाखवलं.

बुधीबायने ते नीट ऐकून घेतलं. "नाव लई मोठा हाय," ती म्हणाली, "पन झाड तोच."

विष्णुपंत तरातरा दवाखान्यात निघून गेले. या माणसाने बारा वर्षांत मान वर करून एकही झाड पाहिलं नव्हतं. विंचू-सापाच्या भीतीने घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, नजर जमिनीवर. मी तरी कुठे पाहिलं होतं म्हणा.

माघात देवीच्या लसी टोचायला त्यांना आठ दिवस मोखाड्याकडे जावं लागलं. जाताना त्यांनी वहिनींना पाण्याच्या मात्रा लिहून दिल्या आणि कुंडीकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी स्टेशनांवर पुष्कळदा पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या.

"भाऊजी, कुंडी फोडायची आहे. बुधीबाय आली आहे."

मी जरा गमतीनेच म्हटलं, "वहिनी, विचार करा. हे झाड मेलं तर तुम्ही पुण्याला जाल."

"ते मला कळत नाही होय?"

"मग?"

"एक मी शिजवलं," त्या म्हणाल्या. "आता दुसरं मरताना नुसती बघत बसू? पुण्याला जायचं तर असं नाही जायचं."

माझी गंमत तिथेच संपली. मी कुंडी फोडली. बुधीबायने मुळं धुतली, कुजलेली खुडली, एका आंब्याच्या ओंडक्यावर झाड बसवून पळसाच्या मुळांच्या दोरीने बांधलं आणि ओंडका पडवीच्या आढ्याला टांगला. वहिनींनी पाण्याचा नुसता हात शिंपडला.

विष्णुपंत आठव्या दिवशी आले. पडवीत थांबले. मान दोनदा हलली. शेवटी, "माती कुठे आहे?"

"तुळशीत घातली," वहिनी म्हणाल्या.

"कुणी केलं हे?"

"मी."

दोन दिवस कुडापलीकडून भांडी तेवढी जरा जोरात वाजत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो विष्णुपंत स्टुलावर उभे. त्यांनी पळसाची दोरी सोडली होती आणि जुन्या धोतराची पट्टी कापून, मोडलेल्या हाताला बांधतात तशी, वेढ्यावर अर्धा वेढा घेत ओंडक्याला बांधत होते. "सैल बांधलं होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांच्या भाषेत ही शरणागतीच होती. तक्त्यावर त्या दिवशी "स्थिती" खाली लिहिलं गेलं: "स्थलांतर केले."

आणि झाड सुधारू लागलं. मुळं रुपेरी होती, पाणी शिंपडलं की डोळ्यांदेखत हिरवी व्हायची आणि वाळली की पुन्हा रुपेरी. हा चमत्कार विष्णुपंतांनी मला, डॉक्टरसाहेबांना, पोस्टमनला आणि दात उपटायला आलेल्या एका हवालदाराला, दात उपटण्यापूर्वी, दाखवला. वैशाखात पानाच्या बेचक्यातून एक कोंब निघाला. त्यावर मोहरीएवढ्या कळ्या. विष्णुपंत त्या दिवशी आमटीला चांगली म्हणाले, लगेच, चार तास न थांबता.

पण त्यांना सुख असं पुरतं कधी मिळालंच नाही. कोंब चार बोटं वाढला आणि खाली वाकला. "ग्लानी आली आहे," ते म्हणाले, आणि बांबूची काडी तासून त्यांनी त्याला वर धरून बांधलं. दुसऱ्या दिवशी कोंबाचं टोक काडीला वळसा घालून पुन्हा खाली. दुसरी काडी. पुन्हा खाली. पाच काड्या झाल्या. ज्येष्ठ आठ दिवसांवर आला होता, अप्पारावांचं निघत असल्याचं पत्र आलं होतं, आणि रोगी मान टाकत होता. विष्णुपंतांच्या डोळ्यांखाली काळं आलं. शेवटी बुधीबायनेच मोळी उतरवता उतरवता सोडवलं.

"दादा, येणी वर करून कोन चालतो का? सोड तिला."

त्यांनी सोडली. आणि तिसऱ्या दिवशी फुलली. वरून खाली, एकेक करत, पांढऱ्यावर जांभळे ठिपके, हुबेहूब चित्रातल्यासारखी. चित्राएवढी लांब मात्र नाही. आजारातून उठलेलं झाड, लोंगर वीतभर. विष्णुपंतांनी पडवीत सतरंजी घातली, दवाखान्यातून खुर्ची आणली, ती ओंडक्यासमोर ठेवली. अप्पारावांनी बसून बघावं म्हणून. वहिनींना, मला आणि शेजारच्या मांजराला तीन हात दूर राहण्याची ताकीद होती.

ज्येष्ठ लागला त्याच दुपारी गाडी आली. अप्पाराव उतरले ते हसतच, दोन्ही हात भरलेले.

"यमू, हे बघ काय आणलंय तुझ्या वेणीला. अगं, घाट चढलो आणि काय सांगू, झाडं नुसती लगडली आहेत. गाडीवानाने जाता जाता तोडून दिली. तो म्हणतो, इकडे जामसरच्या रानात तर पान दिसत नाही इतकी."

त्यांच्या हातात दहाबारा लोंगर होते. प्रत्येक हातभर लांब. पांढऱ्यावर जांभळे ठिपके.

मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली, खुर्चीसमोरच्या ओंडक्याकडे गेली, ओंडक्याच्या पट्टीकडे गेली. "हेच का ते, पंत? कलकत्त्याचं?" त्यांनी कुचेष्टेने विचारलं नाही, खरोखरच विचारलं, आणि तेच वाईट झालं. विष्णुपंतांनी मान एकदा हलवली. दुसऱ्यांदा हललीच नाही. खुर्ची उचलली आणि ती परत ठेवायला म्हणून दवाखान्याकडे चालू लागले. डोक्यावर ज्येष्ठाचं ऊन, हातात खुर्ची, नजर जमिनीवर. मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, पण अशी एक्झिट पाहिली नाही, आणि त्या वेळी मला हसू आलं नाही.

"चिडले की काय?" अप्पाराव म्हणाले. "मी तर खूश झालो. खरंच सुंदर मुलूख आहे."

"दादा," वहिनींनी विचारलं, "तुझ्या गुलाबांना पाणी कोण घालतं?"

"माळी आहे ना."

"हं." त्यांनी भावाच्या हातातली फुलं घेतली, देवापुढे ठेवली, पडवीत परत आल्या. "आमची पुण्याची तयारी करू नकोस. आम्ही इथेच आहोत."

"अगं, पण तूच तर..."

"मीच. हे झाड सगळ्यांनी मिळून मारायचं बाकी ठेवलं नव्हतं. दिवाळीपासून या माणसाने दुसरं काही पाहिलं नाही. आता कुठे ते उठून बसलंय. तुझ्या पुण्याच्या कोरड्या हवेत ते जगायचं नाही." आणि जरा थांबून, "दोघंही."

संध्याकाळी विष्णुपंत आले तेव्हा त्यांना हे मी सांगितलं. शेजाऱ्याचा तेवढा हक्क मी बजावला. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही. सरळ पडवीत गेले, आणि ज्याला मांजराची सावली लागू दिली नव्हती तो वीतभर लोंगर दवाखान्याच्या कात्रीने कापून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो माळला. तो जरा एका बाजूला कलला होता. काड्यांचा परिणाम.

अप्पाराव जाताना बुधीबायकडून चार झाडं घेऊन गेले. ती त्यांच्या माळ्याने उत्तम शेणखतात लावली आणि नागपंचमीच्या आत मारली. विष्णुपंतांनी चार पानी उपाय लिहून पाठवले, सोबत पट्ट्या. पत्र टाकून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो कंपाउंडराला शोभणारा नव्हता.

मग त्यांना नाद लागला तो लागलाच. दवाखान्यासमोरच्या आंब्यावर बुधीबायने आणलेली झाडं ते पट्ट्यांनी बांधत गेले. खोडाळ्याची माणसं ओट्यावर बसून बघायची. हलवून देणारा आता झाडांचीही हाडं बसवतो, अशी बातमी पसरली. एकजण फाटा मोडलेल्या फणसाबद्दल विचारायला आला. विष्णुपंतांनी त्याला पट्टी दिली आणि सांगितलं, चार तासांनी पुन्हा बघ.

ज्येष्ठात तो आंबा असा फुलायचा की येणारा रोगी दुखणं विसरावा. नाही फुलायचं ते फक्त पडवीतलं कलकत्त्याचं झाड. पानं टवटवीत, मुळं रुपेरी, पण त्या वर्षानंतर एक कळी नाही. विष्णुपंतांनी जागा बदलली, ओंडका बदलला, तक्त्यावर तक्ते लावले. बाकी साठ फुलताहेत याचं त्यांना काही नव्हतं. हा एक नाही, याने ते हैराण. "हट्टी आहे," ते कुडापलीकडे वहिनींना सांगत. "तुमच्यासारखंच," असं उत्तर यायचं.

सहा वर्षांनी माझी कल्याणला नोकरी ठरली. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, वहिनींनी दशम्या बांधून दिल्या. विष्णुपंत पडवीत स्टुलावर उभे होते, ओंडक्याची पट्टी सोडून नवी बांधत होते. मला वाटलं, एवढं ओझं घेऊन घाट उतरू नये. वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच, सांगा, म्हटलं.

"पंत, तुमचा दोन नंबरचा रोगी उंदराने नेला नाही. मी प्यालो. काढा म्हणून."

पट्टी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. वहिनी दशम्यांच्या गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा ओढत होत्या. मान हलली. एकदा. दोनदा.

"खोकला थांबला होता?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी."

ते स्टुलावरून उतरले, आत गेले. भिंतीवरचा पहिला तक्ता अजून तिथेच होता, पिवळा पडलेला. त्यांनी दोन नंबरपुढचा "उंदीर" खोडला आणि बारीक अक्षरात लिहिलं, "गुण आला." मग बाहेर येऊन पुन्हा स्टुलावर चढले.

गाडीवानाने बैलांना हाक दिली. मी गाडीतून ओरडून विचारलं, "पंत, हे फुलणार कधी?"

मी त्यांच्या ठरलेल्या उत्तराची वाट पाहत होतो. ते पट्टीचा वेढा नीट बसवत राहिले, खाली वाकून त्यांनी वहिनींकडून कात्री घेतली आणि म्हणाले, "पुढच्या ज्येष्ठात बघू."